पैशाआधीची अट आणि पैशानंतरचं बंधन

लाडकी बहीणचे १,५०० रुपये जमा झाले की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नुसते वाटताय काय? अटी घाला, नाहीतर रिचार्ज आणि साड्यांवरच उडवतील." बोलणाऱ्याला हवं असतं खर्चावर बंधन, आणि तो मागतो अट.

अट म्हणजे पैसे हातात पडण्याआधी करायचं काम. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००. बाळाच्या जन्माची नोंद आणि लसींची पहिली फेरी झाली की उरलेले २,०००. पैसे खात्यात पडले की विषय संपला. बाईने त्यातून डिंक-खारीक आणली की किराणावाल्याची उधारी फेडली, हे कुणी विचारत नाही. (लाडकी बहीणमधली अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा ही निव्वळ पात्रता. तिलाही आपण अटच म्हणतो, म्हणून घोळ आणखी वाढतो.)

बंधन सुरू होतं ते पैसे मिळाल्यावर. २ ऑगस्ट २०२१ ला आलेलं ई-रुपी हे डिजिटल व्हाउचर घ्या: मोबाइलवर क्यूआर कोड किंवा एसएमएस येतो, आणि तो ज्या कामासाठी दिलाय तिथेच चालतो. रेशन तर त्याहून कडक, तिथे पैसाच नाही, थेट धान्य. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा उमटला नाही की बाई पदराला बोट पुसून पुन्हा टेकवते, मागची रांग चुळबुळते.

एवढं करूनही खर्च ताब्यात येतो का? नको असलेला रेशनचा तांदूळ दारावरच्या फेरीवाल्याला पडत्या भावात जातो. आणि घरी शिजला, तरी तांदळाचे वाचलेले पैसे कुठे जावेत हे कुठलं मशीन ठरवणार? साडी यायची तर त्यातूनही येतेच. म्हणून 'उडवतील' या भीतीपोटी घातलेलं बंधन मला फारसं पटत नाही.

बंधनाच्या बाजूने खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो टपरीवर कुणी काढत नाही. २०२३ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायचं सरकारने ठरवलं. बंधन सुटलं. पण दुकानात गव्हाचा भाव चढला तरी पाच किलो गहू पाच किलोच भरतो. दीडशे रुपये मात्र सरकारने वाढवेपर्यंत दीडशेच राहिले.