‘ऑब्स्ट्रक्ट’ : अडवणे आणि तुंबणे यांच्या मधला शब्द

पावसाळ्यात नागपुरात नाली तुंबते, सीताबर्डीच्या गर्दीत हातठेल्याने वाट अडते, आणि अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाला कोणी अडवले तर ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याचा गुन्हा नोंदवला जातो. मराठीला या तिन्ही प्रसंगांसाठी वेगवेगळे शब्द सुचतात, इंग्रजीचे मात्र ‘ऑब्स्ट्रक्ट’ या एकाच क्रियापदावर भागते.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी रुळला. त्यामागे लॅटिनमधील ‘समोर’ आणि ‘रचणे’ या अर्थांचे दोन घटक आहेत, त्यामुळे ‘कन्स्ट्रक्शन’ हे त्याचे भावंडच ठरते. ‘ब्लॉक’चे मूळ लाकडाच्या ओंडक्यात आहे, म्हणजे तो आपल्या आडकाठीच्या आणि अडसराच्या अधिक जवळचा. वापरातही फरक आहे : ‘ब्लॉक’ने वाट बहुधा पुरती बंद होते, तर ‘ऑब्स्ट्रक्ट’ होण्यासाठी ती अवघड झाली तरी पुरते.

खरी अडचण हेतूची आहे. तुंबण्याला कर्ता लागत नाही, अडवण्याला लागतो. ‘ऑब्स्ट्रक्ट’ दोन्हीकडे चालत असल्याने कायद्याला हेतू वेगळा सांगावा लागला. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 186 मध्ये लोकसेवकाला केलेला अडथळा ‘स्वेच्छेने’ केलेला असावा लागे, पण सार्वजनिक रस्त्याविषयीच्या कलम 283 मध्ये आपल्या ताब्यातील वस्तूची व्यवस्था न लावणेही पुरेसे होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे 221 आणि 285 झाली, आणि रस्त्यातील अडथळ्याचा कमाल दंड 200 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेला.

हाच पेच क्रिकेटमध्येही आहे, आणि जामठ्याच्या स्टेडियमवर जाणाऱ्यांना तो कलमांपेक्षा लवकर कळेल. 1951 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंडचा फलंदाज लेन हटन याने, उडालेला चेंडू यष्ट्यांवर पडेल या भीतीने, पुन्हा बॅट फिरवली. त्यामुळे यष्टिरक्षक रसेल एंडीन याला झेल घेता आला नाही आणि हटन क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद ठरला. कसोटीत असा बाद होणारा तो पहिलाच फलंदाज. त्याला झेल अडवायचा नव्हता, यष्ट्या वाचवायच्या होत्या. पण बॅट त्याने जाणूनबुजून फिरवली होती. गंमत अशी की 1957 मध्ये हाच एंडीन चेंडू हाताळल्याबद्दल बाद झाला, आणि 2017 च्या नियमावलीत तो प्रकारही ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’मध्येच सामावून घेण्यात आला.