निळी रेषा आणि घराचं जोतं

चिपळूणमध्ये पुराची उंची माणसं भिंतीवर हात टेकवून सांगतात: 2005 ला इथवर, 2021 ला तिथवर. 1864 साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं दोन्ही पुरांत भिजली. सोळा वर्षांत दोनदा! अशा गावात ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांवर कोण विश्वास ठेवणार? मला तर हा शब्दप्रयोगच घातक वाटतो.

जलसंपदा विभागाच्या नकाशात नदीकाठाने दोन पूररेषा असतात. निळी 25 वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. पण ही वर्षं पाळीची नाहीत. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी 4 टक्के, लाल रेषेपर्यंत 1 टक्का. यंदा पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. 20 वर्षांच्या गृहकर्जाला हे लावून पाहा. हप्ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निळ्या रेषेवरच्या घराला सुमारे 56 टक्के, लाल रेषेवरच्या घराला 18 टक्के. नदीकडे सरकाल तशी ती वाढत जाते.

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं गणित आणखी अवघड आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही याच नदीला मिळतं, आणि नदी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळला समुद्राची भरती खाडीतून वर चढत असते. उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती असेल तर खालची वाटच तुंबते. 22 जुलै 2021 चा पूर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, म्हणजे ऐन उधाणाच्या तोंडावरचा. त्यात पात्रात गाळ साचला की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणून नदीचे छेद, म्हणजे पात्राची रुंदी-खोली, नव्याने मोजून आणि पावसाच्या ताज्या नोंदी घेऊन रेषा पुन्हा आखाव्या लागतात.

समुद्राकाठी आणखी एक रेषा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने समुद्रपातळीची वाढ, पाण्याचे चढउतार आणि किनाऱ्याची धूप धरून ‘धोका रेषा’ आखली. 2019 च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार ती बांधकाम परवानगीसाठी नाही, आपत्ती नियोजनासाठी आहे. त्यामुळे परवानगी मिळाली म्हणजे जागा धोक्याबाहेर आहे, असं धरून चालू नका.

जमिनीचा भाव पडेल म्हणून रेषेला विरोध होतो. आयुष्याची कमाई घरात घातलेल्यांची ही भीती मला कळते. तरीही घरमालकाने रंगाआधी आकडा विचारावा: आपल्या जागी पूरपातळी किती मीटर, आणि घराचं जोतं किती मीटरवर? दोन्ही समुद्रसपाटीपासून मोजलेले हवेत. समजा पूरपातळी 7 मीटर आणि जोतं 5.5 मीटर, तर घरात दीड मीटर पाणी. म्हणजे विजेचा मीटर, इन्व्हर्टर आणि कागदपत्रांचं कपाट त्याच्याही वर हवं, साधारण डोक्याच्या उंचीवर.