कापणी झालेल्या शेतात हरणांसाठी पेरणी : पार्श्वभूमी

विदर्भातला शेतकरी हरभऱ्यात रोही आणि हरणं शिरू नयेत म्हणून रात्र रात्र मचाणावर जागतो. अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात, आयोवा-इलिनॉयकडे, पीक निघालेल्या रानात हरणांनी यावं म्हणून मुद्दाम बी टाकलं जातं. हौस शिकाऱ्यांची असते, जमीन बहुतेकदा स्वतःची किंवा भाड्याची. अशा तुकड्याला तिकडे 'फूड प्लॉट' म्हणतात.

विसावं शतक उजाडलं तेव्हा तिकडे हरणं जवळपास संपली होती. मांस आणि कातड्याच्या बाजारासाठी बेसुमार शिकार झाली होती. पांढऱ्या शेपटीची हरणं अंदाजे तीन ते पाच लाखच उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. हरणं पकडून रिकाम्या मुलखात सोडण्याची कामं पुढे या पैशावर झाली.

वन्यजीवांसाठी पेरणी करण्याची कल्पना मात्र आधी लाव्यासारख्या बॉबव्हाइट पक्ष्यासाठी आली. जॉर्जिया-फ्लोरिडात हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२०-३० च्या दशकांत त्यावर काम केलं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकार-व्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेल्या आल्डो लिओपोल्ड यांनीही शेताच्या कडेला दाणा राखण्याचा विचार मांडला. हरणांसाठी एवढा खटाटोप करायला तेव्हा हरणंच नव्हती.

वारं फिरलं टेक्सासातून. अल ब्रदर्स आणि मर्फी रे या दोन वन्यजीवतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडलं की कोवळे नर मारू नका, माद्या पुरेशा मारा आणि चाऱ्याकडे लक्ष द्या. १९८८ मध्ये या विचाराची संघटना साउथ कॅरोलायनात उभी राहिली. त्याच साली मासेमारीच्या स्पर्धांमुळे गाजलेले रे स्कॉट यांनी अलाबामात खास हरणांसाठीचं क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं बियाणं बाजारात आणलं. तिथून हा धंदा झाला. माझ्या मते पिशवीवरच्या भल्यामोठ्या शिंगांच्या चित्राने जेवढं बी खपवलं, तेवढं शास्त्राने खपवलं नसेल.

कापलेल्या शेतातच का पेरायचं? कारण तिथला सरवा आटला. हार्वेस्टर सुधारले, दाणे कमी सांडू लागले. नेब्रास्कात प्लॅट नदीच्या खोऱ्यात क्रौंचांच्या खाद्याचा हिशेब घेतला तेव्हा १९७० च्या दशकाच्या शेवटापासून वीसेक वर्षांत सांडलेला मका बराच घटलेला दिसला. त्यात १९९६ पासून तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं. रान तणाविना स्वच्छ झालं. नोव्हेंबरचा माजाचा काळ संपला की नर रोडावलेले असतात, पुढे बर्फ. नेमका त्याच वेळी, डिसेंबर-जानेवारीत, धनुष्यबाणाचा आणि जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकांचा उशिराचा हंगाम असतो. हिरवं रान तेव्हा एकच असेल, तर हरीण कुठे येणार हे सांगायला नको.

त्यासाठी रायसारखं दुसरं बी नाही. हे गव्हासारखं धान्य जमीन गोठण्याच्या बेताला आली तरी उगवतं, म्हणून मका निघाल्यावर ऑक्टोबरातही चालतं. ओट लवकर वाढतं पण कडक थंडीत मरतं. सलगम आणि मुळा ऑगस्टातच पडायला हवेत. कडाक्यात त्यांची गोडी वाढते. सोयाबीनमध्ये काहीजण कापणीची वाटही पाहत नाहीत. पानं पिवळी पडू लागली की गळ्यात बी फेकायचं हातयंत्र अडकवतात, त्याचा दांडा फिरवत ओळींमधून चालतात आणि बी फोकतात. वर गळणारी पानं त्या बियांना झाकतात, ओल धरतात. हार्वेस्टर फिरेपर्यंत खाली बोटभर हिरवळ असते. मक्याच्या रानात अडचण वेगळी : अॅट्राझिनसारख्या तणनाशकाचा अंश जमिनीत उरला तर सलगम, मुळा उगवूनही जळतात. म्हणून शेतकऱ्याला यंदा काय फवारलं हे आधी विचारावं लागतं.

कायद्याचाही हातभार आहे. हरणांमधला जीवघेणा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनात सापडला. दाण्याच्या ढिगाभोवती तोंडाला तोंड लावून हरणं जमली की रोग पसरण्याची भीती, म्हणून अनेक ठिकाणी आमिष टाकायला बंदी आली. मक्याचं पोतं ओतलं तर गुन्हा, त्याच जागी राय पेरली तर शेती. हा भेद मला थोडा सोयीचा वाटतो, कारण हिरव्या तुकड्यातही हरणं गोळा होतातच. फक्त चारा पसरलेला असतो.