वास सोडता येतो, आवरता येत नाही

फोनवरून वास पाठवता येणार, सिनेमा हुंगता येणार, अशा बातम्या अधूनमधून येतात आणि दरवेळी नव्या वाटतात. ही हौस मात्र आपल्या आजी-आजोबांच्या काळातली आहे.

डिसेंबर 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात चीनवरचा माहितीपट लागला. दृश्यं बदलत तसे एसीच्या झोतातून वास सोडले जात. या तंत्राचं नाव होतं अरोमारामा. पुढच्याच महिन्यात शिकागोत ‘स्मेल-ओ-व्हिजन’ आलं. ते हान्स लाउबे या स्विस माणसाचं. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनापासून तो याच ध्यासात होता. खुर्च्यांपर्यंत नळ्या नेलेल्या आणि सुमारे 30 वास. त्यात दाखवलेल्या रहस्यपटातला गुन्हेगार पाइपच्या तंबाखूच्या वासावरून ओळखायचा, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण बाल्कनीत वास उशिरा पोचायचा, नळ्यांची फुसफुस ऐकू यायची, आणि प्रयोग तिथेच संपला.

खरी अडचण नळ्यांच्याही पलीकडची आहे. दिवा मालवला की उजेड जातो, गाणं थांबवलं की आवाज जातो. वास थांबवायला बटण नाही. वास म्हणजे हवेत सुटलेले पदार्थाचे कण. ते पडद्याला, कपड्यांना, केसांना धरून बसतात. मासे तळून झाल्यावर खिडक्या उघडून बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण 1991 मध्ये कळली. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी वास ओळखणाऱ्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं; 2004 चं नोबेल त्यासाठीच. रंग पाहायला डोळ्याला तीन प्रकारच्या पेशी पुरतात, म्हणून टीव्हीचं तीन रंगांत भागतं. माणसाच्या नाकात वास पकडणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. तरीही ‘आयस्मेल’ नावाचं, संगणकाला जोडायचं यंत्र 128 मूळ वासांच्या जोरावर बाजारात येऊ पाहत होतं. 2001 मध्ये ते बनवणारी कंपनीच बंद पडली.

एवढं होऊनही माणसं हा नाद सोडत नाहीत, कारण वास आठवणींच्या फार जवळ राहतो. नाकाकडून निघालेला संदेश मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा थेट वाटेने जातो. इंग्लंडमधल्या यॉर्कला 1984 पासून व्हायकिंगांच्या वस्तीचं एक संग्रहालय आहे, तिथले वासही उभे केलेले. काही वर्षांपूर्वी तिथे जाऊन आलेल्या लोकांना संशोधकांनी तेच वास पुन्हा दिले, तेव्हा त्यांना तिथलं जास्त आठवलं. हा अभ्यास 1999 चा. नात्याचं तर त्याहून आधी सुरू होतं. आठवड्याभराचं बाळ आईच्या दुधाचा वास लागलेल्या कापडाकडेच जास्त वळतं, हे 1975 मध्येच दिसलं होतं.

आणि वास साठवायची कला? ती आपल्याकडे कनौजला केव्हापासून आहे. मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या देगेत पाण्यासोबत घालतात, झाकण ओल्या मातीने लिंपतात, खाली मंद आच. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. तिथे चंदनाचं तेल वाट पाहत असतं, ते पहिल्या पावसाचा वास धरून ठेवतं. 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं, तेव्हा त्यांनीही या मातीच्या अत्तराची दखल घेतली. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच.

आताची वाट संगणकाची आहे. गूगलमधून बाहेर पडलेल्या अ‍ॅलेक्स विल्चको या संशोधकाच्या गटाने 2023 मध्ये रेणूच्या रचनेवरून त्याचा वास वर्तवणारा नकाशा मांडला. 2024 मध्ये त्यांच्या ऑस्मो कंपनीने ताज्या प्लमचा वास यंत्राने वाचून दुसरीकडे पुन्हा तयार केल्याचं जाहीर केलं.

माझ्याकडे आईची शाल आहे, स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केलेली. चंदनाची पावडर, व्हिक्स आणि थोडी ती. दर उघडण्यात थोडे कण उडून जातात, म्हणून मी वर्षातून एकदाच झाकण काढते. हे यंत्र उद्या कुणी दारात आणलं, तर शाल वाचून घ्यायला झाकण पुन्हा एकदा काढावं लागेल. मी काढीन.