लांडगा कुठला, कोळसुंदा कुठला?

ताडोब्यात तांबूस रानकुत्री, म्हणजेच कोळसुंदे, दिसली की गाडीतलं कुणीतरी 'लांडगे, लांडगे' म्हणतं. सोलापूरकडच्या माळावर शेळी गेली की कोळसुंद्याचं नाव घेणारेही भेटतात. आधी जागा बघा. कोळसुंदा जंगलाचा: ताडोबा, पेंच, मेळघाट, सह्याद्री. लांडगा उघड्या माळरानाचा: पुणे, नगर, सोलापूरकडचा.

रूपही वेगळं. कोळसुंदा विटकरी, तोंड आखूड, कान गोलसर, शेपटी काळी नि झुपकेदार. लांडगा करडा-पिवळट, उंच पायांचा, निमुळत्या तोंडाचा, टोकदार कानांचा. लांडगा ओरडून साद घालतो, कोळसुंदे शीळ घालतात. दाट झाडीत पांगलेली टोळी त्या शिळेवर पुन्हा गोळा होते.

शिकारीतला फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोळसुंदे बहुतेक दिवसाउजेडी, टोळीने चितळ-सांबराच्या मागे लागतात. शिकार पूर्ण मरायच्या आधीच खायला सुरुवात करतात, आणि त्यावरूनच त्यांच्यावर क्रूरतेचा शिक्का बसला. इंग्रजांच्या काळात त्यांना मारणाऱ्याला बक्षीस मिळे. पण पंधरा-वीस किलोच्या जनावराला वाघासारखा गळा धरून सांबर लोळवता येत नाही. आणि याच 'क्रूर' टोळीत मोठी झालेली पिल्लं शिकारीवर आली की मोठे बाजूला होतात, आधी पिल्लं खातात.

लांडग्यांचे कळप लहान, कधी नुसती जोडी. काळवीट, ससे, उंदीर आणि धनगरांच्या शेळ्या-मेंढ्या हे त्यांचं अन्न. माणसांची वर्दळ असलेल्या भागात ते जास्त करून रात्री फिरतात. पिल्लं होतात हिवाळ्यात, ओढ्याकाठच्या बिळात. आई-बाप दोघेही पोटातलं मांस ओकून त्यांना भरवतात. कोळसुंद्यांतही हीच रीत, पण तिथे मादीला आणि पिल्लांना भरवायला टोळीतले बाकीचेही हातभार लावतात.

म्हणून ओळख चुकली की काळजीही चुकीच्या जागी जाते. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत कोळसुंद्याला निदान आसरा आहे. लांडग्याचा माळ मात्र कागदोपत्री 'पडीक'. तिथे प्लॉट पडतात, झाडं लावली जातात, गावकुत्र्यांचे रोग पसरतात. रेहेकुरी आणि नान्नज ही माळरानाची अभयारण्यं आहेत, पण लांडग्याचा बराचसा वावर त्यांच्या हद्दीबाहेर, मेंढपाळांच्या वाटांवर असतो. मेंढी गेल्यावर धनगराच्या हाती भरपाई वेळेत पडली, तरच तो माळावरचा लांडगा सहन करेल.