पार्श्वभूमी : ‘पात्र’ आणि ‘अपात्र’

सरकारी योजनेच्या यादीत नावापुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा येतो. शब्द जुना आहे. दान सत्पात्री पडावं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. घेणाऱ्याची भूक किती, हे त्यात नंतर यायचं. आधी त्याची चालचलणूक.

कोल्हापुरात या मोजमापाला धक्का बसला तो संस्थानी काळात. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने शाहू महाराजांनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे मागास, अशी व्याख्या होती. लायकीचा प्रश्न तेव्हाही निघालाच. दांडगे घोडे दुबळ्यांच्या वाट्याची चंदीही खातात, हे दाखवून महाराजांनी त्याला दिलेलं उत्तर इथे पोराटोरांना पाठ आहे.

मला त्याहून मोठी वाटते ती हजेरीची गोष्ट. महार, मांग, रामोशी, बेरड यांना चावडीवर पाटलापुढे हजेरी द्यावी लागे. गुन्हा कुणी केलेला असो वा नसो, जात पुरेशी होती. ब्रिटिश मुलखात तर १८७१ पासून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदाच होता. रोज हजेरीला परतायचं म्हटल्यावर लांबच्या कामाला जाणार कसं? आणि काम नाही म्हणून पुन्हा संशय. महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर आसरा देऊन पहाऱ्याला ठेवलं. गाव ज्यांना चोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती राखण! ब्रिटिशांचा कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

१९२० मध्ये संस्थानाने अनौरस मुलं आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्काचाही कायदा केला. ज्यांचा विषय घरात दबक्या आवाजात निघायचा, ती माणसं वाटणीच्या कागदावर आली.

राज्याची संजय गांधी निराधार योजना १९८० ची. तिच्या यादीत आज विधवा, परित्यक्ता, देवदासी, तृतीयपंथी आहेत, आणि ‘वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या’ स्त्रियाही. ‘मुक्त केलेल्या’ हे शब्द नीट वाचावेत. धंद्यात असलेल्या बाईसाठी हे कलम नाही. आधी बाहेर पडायचं, मग मदत. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही लग्नाचा हिशेब आहेच : कुटुंबातली अविवाहित बाई एकच चालते.

मागं एकदा गल्लीतल्या एका काकूंसोबत परित्यक्तेचा अर्ज घेऊन गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं जोडलेलं. टेबलामागच्या माणसानं कागद चाळले आणि विचारलं, “नवरा नांदवत न्हाई, का तुम्हीच आलाईसा?”

“फारमात लिव्हायचं असतंय व्हय ते?” काकू म्हणाल्या.

“लिव्हायचं नसतंय. पर सांगाय लागतंय.”