जपानला केअरगिव्हर म्हणून जायचंय? पात्रता, परीक्षा, कागदपत्रं आणि हातात नक्की किती पडतात

आधी एक सांगते, यूकेचा केअर व्हिसा करून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्कर, दोन्हीसाठी बाहेरच्या देशांतून नवीन भरती तिथल्या सरकारने बंदच केलीय. जपानचं दार मात्र उघडं आहे, वृद्धांच्या सेवेला तिथे माणसं मिळत नाहीत.

व्हिसाचं नाव स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर, एसएसडब्ल्यू. भारताचा यासाठी जपानशी २०२१ मध्ये करार झालाय. वय १८ पूर्ण पाहिजे. नर्सिंगचा कोर्स लागत नाही, आणि जीएनएम झालेलं असलं तरी या व्हिसावर तुम्ही तिथे नर्स नाही, केअर वर्करच, म्हणजे आजी-आजोबांना अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, बेडवरून व्हीलचेअरवर घेणं. जमणार असेल तरच पुढे वाचा.

खरी अडचण परीक्षांची. भाषेसाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी (जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्या-मुंबईत सेंटर असतं) किंवा जेएफटी बेसिक ही दुसरी भाषा परीक्षा, जेएफटीत २५० पैकी २०० मार्क लागतात. शिवाय कॉम्प्युटरवर दोन पेपर, केअरच्या कामाचा ४५ प्रश्नांचा आणि केअरमधल्या जपानीचा १५ प्रश्नांचा. तीन महिन्यांत एन४ करून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका, शून्यापासून सुरुवात असेल तर रोज बसूनही सहा-आठ महिने जातातच.

परीक्षा पास झाल्यावर इंटरव्ह्यू, मग कॉन्ट्रॅक्ट. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीसाठी (तुम्ही या व्हिसाला पात्र आहात असा दाखला) जपानच्या इमिग्रेशनकडे अर्ज तिकडचा मालक करतो, आपण फक्त कागद पाठवायचे: पासपोर्ट, फोटो, परीक्षांचे रिझल्ट, सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट, मेडिकल. ते सर्टिफिकेट तीनच महिने चालतं, म्हणून हातात आलं की लगेच व्हिसाला टाका. कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा, तो तुमचा हक्क आहे. मध्येच नोकरी सोडली तर एवढा दंड, असं कलम घालायला किंवा डिपॉझिट ठेवून घ्यायला तिथल्या नियमात बंदी आहे. एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का ते बघा, सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, भाषेच्या क्लासची फी वेगळी. आणि व्हिसा कुठला ते स्पष्ट विचारा, कारण टेक्निकल इंटर्न, म्हणजे प्रशिक्षणार्थी, म्हणूनही पाठवतात आणि त्यात मालक बदलता येत नाही, एसएसडब्ल्यूमध्ये त्याच क्षेत्रात बदलता येतो.

आता पगार. कायद्याने जपानी माणसाइतकाच किंवा जास्त द्यावा लागतो. समजा बेसिक १ लाख ९० हजार येन आहे, तर पेन्शनचेच सुमारे १७ हजार कापले जातात, हेल्थ इन्शुरन्सचे साडेनऊ हजारांच्या आसपास, वर इन्कम टॅक्स आणि थोडा रोजगार विमा. घरभाडं गेलं की सव्वा लाखाच्या आसपास उरतात, त्यात खाणंपिणं. नाइट शिफ्टला दर रात्रीचे वेगळे मिळतात आणि बहुतेकांची बचत तिथूनच होते, म्हणून महिन्याला किती नाइट मिळणार ते इंटरव्ह्यूतच विचारा. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो आणि पगार अचानक कमी दिसतो, घाबरू नका, तो आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो. गाव की टोकियो यानेही फरक पडतो, टोकियोचं किमान वेतन तासाला १,२२६ येन, ओकिनावाचं १,०२३, पण टोकियोचं भाडंही तसंच.

हा व्हिसा एकूण पाच वर्षांचा आणि नवरा-बायको, मुलं नेता येत नाहीत. पुढे जायचं तर काइगो फुकुशिशी, म्हणजे प्रमाणित केअर वर्कर, ही सरकारी परीक्षा. तीन वर्षांचा अनुभव आणि एक कोर्स झाला की देता येते, जानेवारीत असते, २०२६ पासून पेपर तीन भागांत केलाय, त्यामुळे पास झालेला भाग लगेच परत द्यावा लागत नाही. ती निघाली की काइगो व्हिसा मिळतो, तो कितीही वेळा रिन्यू होतो आणि कुटुंबही नेता येतं. पण पेपर जपानीत आहे, एन४ वर थांबलात तर कठीण आहे.

परत यायचं ठरलं तर भरलेल्या पेन्शनमधला काही भाग एकरकमी मिळतो, अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांत करायचा. पेन्शन नंबरचा कागद हरवू नका.